दोन हातांना चार बोटं कमी

सन २००७. मी सत्तर वर्षांचा होतो आणि माझी मिशी बावन्न वर्षांची. हे दोन्ही आकडे पुढं लागणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो. थंडी नुकती पडायला लागलेली, गुऱ्हाळ सुरू होऊन आठवडा झालेला आणि काहिलीत रस उकळून वर आलेला. अशा वेळी गुळव्यानं काहिलीजवळनं हलायचं नसतं. मालक मोबाईल घेऊन आले आणि म्हणाले, "गुळवे, कबनूरवरनं फोन हाय." मी म्हटलं, पाक उतरल्यावर बघू. "बाईमाणूस हाय, रडालीया," मालक म्हणाले. तेव्हा मी फोन कानाला लावला. मल्लाप्पाची मुलगी शिवलीला बोलत होती. "काका, अप्पा गेले." मी विचारलं, कवा? म्हणाली, पहाटे. मी म्हटलं, "बरं, येतो," आणि फोन मालकाच्या हातात दिला. मग पाक उतरवला, वाफ्यात ओतला, हातपाय धुतले आणि एस.टी. धरली. केवढं दगडाचं काळीज आहे गड्याचं, असं मागनं कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. पण त्या आदणाचा गूळ काळा पडला. पन्नास वर्षांत माझ्या हातचा गूळ काळा पडला नव्हता, तो त्या दिवशी पडला. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मी चौथी शिकलोय. हे सगळं पेन्सिलीनं लिहिलंय, नातीनं शाईनं उतरवून काढलंय. ऱ्हस्वदीर्घ तिचं, बाकी शब्द माझे. पेपरच्या पुरवणीत माणूस गेल्यावर लोक लिहितात, ते मी हॉटेलात बसून अक्षर अक्षर लावून वाचतो. गेलेला माणूस लई मोठा होता आणि आपण त्याच्या लई जवळचे होतो, असं त्यात असतं. माझं तसं नाही. मल्लाप्पा मोठा नव्हता. इचलकरंजीजवळ कबनूरला दुसऱ्याच्या कारखान्यात चार माग चालवणारा कामगार होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. मी त्याच्या जवळचा होतो का, ते वाचणाऱ्यानं शेवटी ठरवावं. मी रडायला लिहीत नाही, माफी मागायलाही लिहीत नाही. ज्याची मागायची तो गेला. मी साक्ष द्यायला लिहितोय. ती अकरा वर्षं उशिरा देतोय, पण देतोय.

मल्लाप्पा लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. कपाळाला विभूती लावलेला मल्लाप्पा मांडी घालून बसलेला होता आणि नदीवर बसायचा तसाच दिसत होता, जरा पुढं वाकलेला, काहीतरी बघत असल्यागत. माती देऊन घरी आलो. अंगणात चटया टाकलेल्या, त्याच्या बरोबरचे मागवाले बसलेले. शिवलीला चहा देत फिरत होती. ती शाळेत मास्तरीण आहे, दोन पोरांची आई आहे. तेवढ्यात एकजण म्हणाला, "अण्णा तर गेले. आता त्यो मासा किती हाताचा सांगायचा, ते आपल्यालाच ठरवाय लागंल." दुसरा म्हणाला, "औंदा पाच हात झालाता. पुढच्या वर्साला सहा करू." लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, माणूस चांगला होता म्हणूनच हसले. पण शिवलीलाच्या हातातली किटली थांबली. आणि तिनं माझ्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाकडे नाही... ते का, हे समजायला मागं जावं लागेल.

१९९३ साल. आमचं गाव कोल्हापूरच्या वरच्या अंगाला, भोगावतीच्या काठावर. गावाखाली बंधारा, बंधाऱ्याजवळ बाबूरावचं पत्र्याचं हॉटेल, आणि तिथनं खाली नदी वळते तिथं उंबराचा डोह. मी सकाळी बंधाऱ्याच्या कडेनं चाललो होतो, तर काहीतरी सूं करून कानाजवळनं गेलं आणि माझ्या डोक्यावरची टोपी उडाली. उडाली ती खाली पडली नाही, पाण्यावर जाऊन बसली. बघतो तर खाली गुडघाभर पाण्यात एक किडकिडीत माणूस, हातात लांब काठी, काठीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला माझी टोपी. तो म्हणाला, "पावणं, हलू नका, टोपी परत येतीया." मी म्हटलं, "टोपी राहू दे, तू वर ये, तुला परत पाठवतो." तो वर आला. टोपी पिळली, झटकली, दोन्ही हातांनी मला दिली आणि म्हणाला, "मागं बघायचं राह्यलं. चूक झाली." माणूस एवढ्या सरळ चूक कबूल करतो म्हटल्यावर भांडायचं कसं? मी म्हटलं, चल, चहा घे.

चहावर कळलं ते असं. इचलकरंजीच्या जुन्या बाजारात त्याला एक पत्र्याचा डबा मिळाला होता. त्यात एक गंजकी फिरकी आणि एक फाटकं इंग्रजी पुस्तक. पुस्तकात चित्रं होती, एक माणूस नदीत उभा राहून काठीनं दोरा मागं नेतो, मग पुढं टाकतो, आणि गळाला आमिष काही नाही, नुसतं पीस बांधलेलं. पाण्यावर पडलं की ते माशीगत दिसतं आणि मासा झेप घेतो. चित्रातला मासा आपल्याकडचा नव्हता, हिरवट, पाठीवर काटे, रागीट तोंडाचा. शिवलीलानं त्याला नाव वाचून दाखवलं होतं, बास. बाबूराव म्हणाला, "आमच्या नदीत बासबीस न्हाय, पावणं." मल्लाप्पा म्हणाला, "नसू दे की. तोंड तर सगळ्या माशास्नी असतंय." इंग्रजी त्याला येत नव्हतं, मराठीही अडखळतच, घरात कानडी. पण दोऱ्याचं काम त्याला चित्रावरनं वाचता येत होतं. पिसाला किती वेढे, गाठ कुठं, हे तो बघूनच सांगायचा. मागावर तुटलेला धागा जोडायची जी गाठ असते, बारीक आणि कधी न सुटणारी, तीच गाठ तो गळावर मारायचा. दोरा त्यानं स्वतः वळलेला, हाताशी बारापदरी आणि टोकाला तीनपदरी, आणि बुडू नये म्हणून जवसाच्या तेलात मुरवलेला. काठी मेसाच्या बांबूची, तासून तासून शेंड्याला लवचीक केलेली. मी म्हटलं, एवढा खटाटोप करून मासा खातोस कसा, तळून का आमटीत? तर म्हणाला, "मी खात न्हाय. आमच्यात चालत न्हाय." गळ्यात लिंग होतं त्याच्या. "मग धरतोस कशाला?" "बघून सोडतो," म्हणाला.

त्या दिवशी हॉटेलातलं प्रत्येक माणूस हसलं आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

कबनूरकडची नदी तोवर रंगाच्या पाण्यानं काळी झालेली. म्हणून माग बंद असतील त्या दिवशी हा माणूस दोन एस.टी. बदलून आमच्या नदीवर यायचा. येताना जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायचा, जाताना माझ्याकडनं काकवी न्यायचा. माझ्या कोंबड्याच्या मानेची पिसं त्यानं मागितली, मी दिली. तुरेबाज तांबडा कोंबडा होता, महिनाभर मान सोलल्यागत घेऊन हिंडत होता. मग त्याची नजर माझ्या मिशीवर गेली. "गुळवे, चार केस द्या की. धगीनं कसे ताठ झाल्यात बघा. त्येचे पंख लई भारी हुतील." मी म्हटलं, "ह्या मिशीला आजवर न्हाव्यानं हात लावताना इचारलंय, आन् तू गळाला बांधणार?" "बिड्री," तो म्हणाला. कानडीत म्हणजे जाऊ द्या हो. कशावरही त्याचं एवढंच असायचं. त्याच्या भाऊबंदांनी, गळ्यात लिंग बांधून मासळीला हात लावतोस म्हणून, पंगतीत बाजूला बसवलं, तरी बिड्री. एकदा मीच त्याला खोचून विचारलं होतं, खात नाहीस, मारत नाहीस, मग त्याच्या तोंडाला भोक पाडतोस ते कोणत्या धर्मात बसतं? त्यावर मात्र तो बिड्री म्हणाला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा सगळ्या गळांचे उलटे काटे त्यानं कानशीनं घासून काढलेले. आता निम्मे मासे सुटून जायचे. तो म्हणाला, "ज्याला ऱ्हायाचं त्यो ऱ्हातोय."

जो राहायचा त्याचं माप मात्र घ्यायचा. मासा पाण्यातच ठेवून काठी बाजूला धरायची, मुठीकडचं टोक शेपटीला, आणि तोंड येईल तिथं काठीवर पांढऱ्या दोऱ्याची एक कडी बांधायची. मग मासा सोडायचा. काठीवर अशा वीसपंचवीस कड्या झाल्या होत्या, सगळ्या वीतभराच्या आतबाहेर. मला पिसाचा आकडा, म्हणजे पीस गुंडाळलेला गळ, बांधायला त्यानं लई वेळा शिकवलं. माझी गाठ सुटायची. काहिलीत फावडं फिरवून फिरवून माझी बोटं जाड झालेली, त्यांना दोरा कळत नव्हता. तो हसायचा नाही. परत दाखवायचा.

१९९६. होळी होऊन गेलेली. बाबूरावच्या हॉटेलात दहाबारा माणसं होती. मल्लाप्पा म्हणाला, "गुळवे, तुमच्या डोहात खडस हाय." खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा. आमच्या वडलांच्या काळात नदीत बख्खळ होता. मी म्हटलं, खडस गेला, बंधारे झाले तवाच गेला. तो म्हणाला, मी शेपूट बघितलं. मी म्हटलं, कासव असंल. मला राग आला होता, खरं सांगतो. नदी माझी, डोह माझा, जाळं टाकण्यात माझा जन्म गेला, आणि हा कबनूरचा न खाणारा माणूस मला सांगणार की माझ्या डोहात काय आहे. मी मिशीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पिसानं खडस धरून दावलास तर ही मिशी ह्याच टेबलावर काढून ठेवीन." आमच्याकडे हा शब्द गमतीचा नसतो. बाप गेल्याशिवाय मिशी उतरत नाही, आणि दुसऱ्या कशानं ती उतरली तर माणसाचं काय उरलं ते सांगायला लागत नाही. मल्लाप्पा म्हणाला, "बिड्री, मिशी कशाला?" मी म्हटलं, शब्द गेला. मग उठता उठता त्यानं विचारलं, "खडस असलाच, तर त्यो खातो काय?" मी टोमण्यानं म्हटलं, "उंबरं खातोय. जा, उंबराचं झाड बांध गळाला."

त्यानं टोमणा ऐकला नाही, माहिती ऐकली. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा त्याच्या टोपीला एक नवीन आकडा टोचलेला होता. तांबडा धागा गुंडाळून गुंडाळून पिकल्या उंबराएवढा गोळा केलेला आणि वर माझ्या कोंबड्याचं एक पीस. सकाळी लवकरची वेळ, हॉटेल उघडलेलं नव्हतं. मी गुरांसाठी पलीकडनं गवत आणायला निघालो होतो. गुऱ्हाळातली एक टाकून दिलेली जुनी काहिल होती, तिची आम्ही नाव केलेली, पुरात माणसं न्यायची आणि एरवी गवत. बूड जरा झिरपायचं. मी तिच्यात बसून वल्हं उचलतोय तोवर मल्लाप्पानं उंबराखाली तो गोळा टाकला. पडला तो उंबर पडल्यागतच, डुबुक करून. मी मनात म्हटलं, शाबास, आवाज बरोबर काढलास... आणि पाणी फाटलं.

काठी अशी वाकली की मला वाटलं गेली. दोरा संपला, मल्लाप्पा कमरेएवढ्या पाण्यात ओढला गेला आणि ओरडला, "गुळवे, काहिल आणा." मी आणली. कशी आणली ते विचारू नका. तो कसाबसा आत पडला, काठी सोडली नाही. मग त्या माशानं आम्हा दोघांना काहिलीसकट ओढलं. काहिल गोल, तिला ना तोंड ना बूड, ती भोवऱ्यागत फिरायला लागली. एकदा उंबर समोर दिसायचा, एकदा बंधारा, एकदा उंबर. मी एका हातानं वल्हं मारत होतो, दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसत होतो आणि तोंडानं शिव्या देत होतो, माशाला का मल्लाप्पाला ते मला माहीत नाही. तो मात्र कानडीत हळूहळू काहीतरी बोलत होता, म्हैस दूध देत नसली की बोलतात तसं. उन्हं वर आली तेव्हा पलीकडच्या वाळूच्या उथळात मासा आडवा झाला. आम्ही दोघं खाली उतरलो. मी तो बघितला. डोळ्यांनी बघितला, हात लावून बघितला. पितळी रंग, रुपयाएवढे खवले, ओठ जाडजूड. मल्लाप्पानं काठी बाजूला धरली, तांबडा धागा तोडला, तोंडापाशी कडी बांधली आणि मला म्हणाला, तुमच्या हातानं मोजा. मी मोजलं. दोन हातांना चार बोटं कमी.

मी म्हटलं, आता? सोडलास तर कोण इश्वास ठेवणार? त्यानं माझ्याकडे बघितलं. भिजून चिंब झालेला, दात वाजत होते, पण तोंडावर असा आनंद की मी तसा कुठल्या लग्नातही बघितलेला नाही. म्हणाला, "तुमी बघितलासा न्हवं? मग गावानं बघितल्यागत." आणि माशाला पाण्यात धरून, पुढंमागं करून, दम आल्यावर सोडून दिला.

हॉटेल तोवर भरलं होतं. मल्लाप्पानं ओल्या कापडानंच सांगायला सुरुवात केली आणि सांगताना हातानं माप दाखवलं. बाबूरावनं चहाची गाळणी हातात धरून मला विचारलं, "गुळवे, खरं काय? तुमी हुतासा न्हवं?" दहा माणसांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, मिशीकडे. एकानं तर हातानं वस्तऱ्यागत करून दाखवलं. आणि माझा हात आपोआप मिशीवर गेला. मी म्हणालो, "मला काय दिसलं न्हाय गा. मी काहिलीतलं पाणी उपसत होतो."

एवढंच. खोटं म्हणावं तर त्यात पाणी उपसलेलं खरं होतं. लोक टेबलं बडवून हसले. "पिसाचा मासा, हवेत गेला." मल्लाप्पाचे हात अजून तसेच होते, माप दाखवत. त्यानं ते हळूच खाली घेतले, बशीत चहा ओतला आणि पिऊन टाकला. माझ्याकडे एकदाच बघितलं. रागानं नाही. माझी गाठ सुटल्यावर बघायचा तसं... परत दाखवावं का, अशा नजरेनं.

मला वाटलं, आता हा येणार नाही. बरं होईल, असंही वाटलं. पुढच्या सुट्टीला तो आला. भाकरी घेऊन आला, चटणी घेऊन आला. तो यायचा थांबला असता तर मी त्याला विसरलो असतो. तो येत राहिला म्हणून मला त्याचा राग यायचा. लोकांनी त्याचं नाव थापाड्या अण्णा पाडलं. हॉटेलात त्याला विचारायचे, "अण्णा, औंदा मासा किती वाढला?" तो म्हणायचा, "बिड्री." मासा लोकांनीच वाढवला, तीन हात, चार हात. गोष्ट एस.टी.नं कबनूरलाही गेली. मी शेजारी बसलेला असायचो. एक शब्द टाकला असता तर संपलं असतं. पण पहिल्या दिवशी न टाकलेला शब्द दुसऱ्या दिवशी जड होतो आणि वर्षानं तर उचलतच नाही. आणखी एक सांगतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका पावसाळ्यात तो आपली काठी गुऱ्हाळात माझ्याकडे ठेवून गेला होता. मी एकटा होतो. ती तांबडी कडी डोळ्यात खुपायला लागली. मी नखानं ती खाली सरकवायला बघितली. नाही सरकली. मग खिळा घेतला. खिळ्यानं बांबूला ओरखडे पडले, पण गाठ तसूभर हलली नाही. मागावरची गाठ ती. मी काठी परत कोपऱ्यात उभी केली.

त्याच २००७ च्या उन्हाळ्यात तो शेवटचा आला. सुताच्या कचऱ्यानं छाती भरलेली, चार पावलं चालला की थांबायचा. नदीत उतरणं जमणार नव्हतं. बाबूरावकडनं खुर्ची आणून मी त्याला उंबराखाली बसवलं. बसूनच दोरा टाकला त्यानं, आणि अजूनही असा टाकायचा की पीस पाण्याला कळू नये. मग तो म्हणाला, "अजून डोहातच असंल त्यो." मी म्हटलं, "असंल की. जातोय कुठं." काठी त्याच्या हातात थांबली. "म्हंजे होता म्हणा की," तो म्हणाला. मी पाण्याकडे बघत राहिलो. तो खोकत खोकत हसला आणि म्हणाला, "मी ऐकलं बरं का, गुळवे." जाताना परत मिशीचे चार केस मागितले. मी म्हटलं, मेल्यावर घे. कोण आधी जाणार, हे दोघांनाही दिसत होतं.

तर आता परत त्या अंगणात. शिवलीलानं किटली खाली ठेवली, आत गेली आणि दाराआडची काठी आणून माझ्यापुढं चटईवर ठेवली. म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही होतासा. अप्पांनी तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. पण मी शाळेत असल्यापासनं थापाड्याची पोरगी ऐकून घेतलंय. ते त्यांच्यासाठी राहू दे, ते गेले. मला पायजे. एकदा खरं सांगा."

मी उठून उभा राहिलो. गुडघे वाजले. म्हटलं, "मासा होता. खडस होता. दोन हातांना चार बोटं कमी. पाच हात न्हाय, तीन हात न्हाय. मी ह्या हातानं मोजलाय. मल्लाप्पानं धरला, पिसानं धरला, आन् माझ्या शब्दावर इसंबून सोडला. थापाड्या तो न्हवता. थापाड्या तुमच्यापुढं हुबा हाय." त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आन् अकरा वर्सं त्वांडात काय धरलंतंसा?" मी म्हटलं, "त्वांडात काय न्हवतं. त्वांडावर हुती."

शिवलीला रडली नाही आणि मला बसा म्हणाली नाही. ती खाली वाकली आणि काठीवर तांबड्या कडीजवळ बोट ठेवलं. "इथं ओरखडे आहेत. मी विचारलंतं एकदा. अप्पा म्हणाले, उंदरानं कुरतडलंय." बोट तिनं तिथंच ठेवलं. "उंदरानं बांबू कुरतडला आणि दोरा सोडला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, बिड्री." मला तिच्याकडे बघवेना. मग तिनं विचारलं, "पैज लागलीती म्हणं. तिचं काय?" मी म्हटलं, "उद्या सकाळी." "मग काठी घेऊन जावा," ती म्हणाली. "पण परत आणून द्यायची. मला द्यायची, दारात ठेवून जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि काठी घेऊन बंधाऱ्यावर गेलो. हॉटेलच्या शेजारी पिंपळाखाली शंकर न्हाव्याची खुर्ची असते. म्हटलं, शंकर, आरसा आन् वस्तरा घेऊन हॉटेलात ये, मिशी उतरवायची हाय. त्याचा चेहरा पडला. "कोण गेलं, दादा?" त्याला माहीत होतं माझे वडील जाऊन बावन्न वर्षं झाली, त्यानंतर ही मिशी उतरली नव्हती. मी म्हटलं, "मल्लाप्पा गेला. पण ही त्याच्या सुतकाची न्हाय. पैजंची हाय. मी हारलोय, अकरा वर्सांमागं." बाबूरावच्या टेबलावर बसलो, त्याच टेबलावर. एकजण म्हणाला, "आवं दादा, माणूस गेला, आता पैज कुठली." मी म्हटलं, माणूस गेलाय, टेबल हाय, तू हायस, मी हाय. गप बस आन् बघ. काठी टेबलावर आडवी ठेवली आणि एकेकाला जवळ बोलावून ती तांबडी कडी दाखवली, प्रत्येकाला आपल्या हातानं मोजायला लावलं. ज्यांचे हात लहान त्यांचं माप जास्त भरलं, त्यांना माझ्या हातानं मोजून दाखवलं. ओरखडे कशाचे तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. कुणाला हसायचं असेल तर मी अजून रोज तिथंच बसतो, यावं.

शंकरनं पाणी लावलं. मिशी उतरली. तिथली कातडी बावन्न वर्षं उन्हाला लागली नव्हती, बोट लावलं तर दुसऱ्याची वाटली. शंकर कापड झटकणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. टेबलावरचे केस गोळा केले, त्यातले ताठ ताठ चार निवडले आणि खिशातनं गळ काढला, मल्लाप्पानंच उलटा काटा घासून दिलेला. बाबूरावनं चष्मा दिला. दोऱ्याचे वेढे घेतले, गाठ मारली. सुटली. परत मारली. सुटली. चौथ्यांदा मारली आणि दातात धरून ओढली. पंख वाकडे झाले होते, दोन इकडं, दोन तिकडं. पण गाठ राहिली.

मग उंबराच्या डोहावर गेलो, चारसहा माणसं मागनं आली. आधी मागं वळून बघितलं, कुणाची टोपी वाटेत नाही ना. दोरा मागं नेला, पुढं सोडला. पहिल्यांदा फांदीत अडकला, सोडवून घेतला. दुसऱ्यांदा पाण्यावर पडला, अगदीच थापकन, पण पडला. माझ्या मिशीचे चार केस डोहावर तरंगत, फिरत, उंबराच्या सावलीत गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत उभा राहिलो. मागनं बाबूरावनं हळूच विचारलं, "गुळवे, लागलं का काय?"

"न्हाय," मी म्हणालो, आणि दोरा गोळा करून परत टाकला.